प्रश्न क्रमांक चौदा

"प्रश्न क्रमांक चौदा," दादा म्हणाला आणि त्याचं पेन कागदाच्या वर थबकलं. "शरीरातला एखादा अवयव शस्त्रक्रियेनं काढला आहे का? हो किंवा नाही."

टेबलाच्या दोन बाजूंना दोघं भाऊ बसले होते. मध्ये सहा पानी फॉर्म होता, परदेशी कायमचं राहायला जाणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा. आधीचे तेरा प्रश्न झपाट्यानं उरकले होते. क्षय? नाही. दमा? नाही. फिट येते का? नाही. मानसिक आजाराच्या प्रश्नाला दादानं "लिहू का खरं?" असं विचारलं होतं आणि दोघंही खो खो हसले होते. चौदाव्या प्रश्नाला मात्र कोणी हसलं नाही.

"काय झालं? शाई संपली का?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"'नाही' लिही," धाकटा म्हणाला.

दादानं चष्मा कपाळावर चढवला. "काय म्हणालास?"

"नाही लिही. तेवढ्यावरून अडकवतील मला. एका मूत्रपिंडाचा माणूस कशाला घेतील ते? उद्या आजारी पडला तर आपल्याच गळ्यात, असं म्हणतील."

"आणि शर्ट काढायला सांगितला तर? हा एवढा वीतभर वण आहे कुशीत. मांजरानं बोचकारलं म्हणून सांगणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"पस्तीस वर्षं रेकॉर्डखात्यात काढली मी. कोणाच्या जन्मतारखेत एक आकडा खोटा लिहिला नाही." मग दादाचा आवाज उतरला. "आणि धाकट्या, ते झालंच नाही असं लिहायचं, तर मी इथं बसलोय तो कसा?"

धाकट्यानं फॉर्म त्याच्याकडे सरकवला. दादानं चौकोनात ठसठशीत 'हो' लिहिलं. पुढच्या रिकाम्या ओळीवर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं : 'डावे मूत्रपिंड. बावीस वर्षांपूर्वी थोरल्या भावास दिले.' मग 'थोरल्या भावास' या शब्दांखाली त्यानं पट्टी धरून रेघ मारली. फॉर्मवर रेघा मारायला कोणी सांगितलेलं नव्हतं.

धाकटा त्रेसष्ट वर्षांचा होता. पण या घरात तो धाकटाच. बाहेर त्याला सगळे काटेवाले म्हणत. बेकरीचा, भंगारवाल्याचा, सोनाराचा, दवाखान्यातला तान्ह्या बाळांचा, कसलाही वजनकाटा बिघडला की तो त्याच्या दुकानात येई. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल, भिंतीला ओळीनं लावलेली पितळी वजनं आणि ग्राहकाला उभं राहण्यापुरती जागा. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगी परदेशी नोकरीला गेली, तिथंच तिनं संसार मांडला, आणि आता तिची चार वर्षांची लेक रोज फोनवर विचारायची, "आजोबा, तुम्ही कधी निघताय? मी खोली आवरून ठेवलीय." मुलीनं अर्ज केला होता, तिकडच्या कचेरीनं तो मान्य केला होता. उरली होती फक्त ही तपासणी.

दोघं भाऊ एकाच जिन्यावर राहायचे. धाकटा खाली, दादा-वहिनी वर. जेवण वरच. बावीस वर्षांपूर्वी दादा सुजून, पिवळा पडून खाटेला खिळला होता. तेव्हा धाकट्यानं स्वतःच्या तपासण्या गुपचूप करून घेतल्या आणि रिपोर्टच त्याच्यापुढे ठेवला. "जुळतंय," एवढंच म्हणाला. तेव्हापासून दादा घड्याळाच्या काट्यावर गोळ्या घेत जगत होता. सकाळी आठ, रात्री आठ. कोणाच्या लग्नात असो की मयताला असो, आठ वाजले की त्याचा हात खिशात जायचा. इतरांना नातवंडांचे वाढदिवस पाठ असतात, तसे दादाला स्वतःच्या रक्ताचे आकडे पाठ होते.

त्यामुळे धाकट्याची तयारी करून घेणं हे आपलंच काम, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

"खऱ्या तपासणीला सहा आठवडे आहेत," दादा म्हणाला. "आधी एक सराव परीक्षा."

कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये दादाला सगळे ओळखत. धाकट्याचं रक्त काढणाऱ्या मुलीला तो म्हणाला, "बाई, जरा हलक्या हातानं. हा माझा सुटा भाग पुरवणारा आहे." ती इतकी हसली की सुई बाजूला ठेवावी लागली.

संध्याकाळी रिपोर्ट आला. दादानं तो उभ्यानंच वाचला. वाचून घडी घातली, परत उघडली.

"किती?" धाकट्यानं विचारलं.

"क्रिएटिनिन एक पॉइंट पाच."

"म्हणजे वाईट?"

"चांगलं नाही. तुझं एक पॉइंट दोनच्या वर कधी गेलं नव्हतं." दादा खुर्चीत बसला. मूत्रपिंड रक्त नीट गाळतंय की नाही ते या आकड्यावरून कळतं, आकडा चढला की काळजी वाढते, हे त्यानं आजवर शंभर जणांना समजावून सांगितलं होतं. आज तो तोच आकडा परत परत वाचत राहिला. वहिनींनी ठेवलेला चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दुकानात येऊन स्टुलावर बसला आणि दिवसभर हलला नाही. धाकटा काय खातो, किती पाणी पितो, किती वेळा उठतो, हे तो बघत होता. दुपारी धाकट्यानं भंगारवाल्याचा मोठा लोखंडी काटा उचलून टेबलावर घेतला, कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं केलं आणि ड्रॉवरमधून एक गोळी काढून तोंडात टाकली.

"काय आहे ते?"

"काही नाही रे. कंबर धरते. अर्ध्या तासात मोकळी होते."

"कधीपासून घेतोस?"

"झालं असेल वर्षभर."

"रोज?"

"रोज नाही काही. रविवारी दुकान बंद असतं."

दादा इतक्या जोरात ओरडला की समोरचा झेरॉक्सवाला दारात आला. "अरे गाढवा! वेदनाशामक गोळी! एका मूत्रपिंडावर! मला बावीस वर्षांत डॉक्टरांनी डोकेदुखीला विचारल्याशिवाय काही घेऊ दिलं नाही, आणि तू आमच्या जोडीदाराला रोज विष पाजतोस?"

"आमच्या कोणाच्या?"

"जे माझ्याकडे आहे त्याच्या जोडीदाराला!" दादानं गोळ्यांची पाकिटं खिशात घातली. तो संतापलेला होता. पण जिना चढताना शीळ घालत होता. वहिनींनी दार उघडलं तेव्हा म्हणाला, "कारण सापडलं. मूत्रपिंड बिचारं ठणठणीत आहे. मालक मूर्ख आहे."

त्या दिवसापासून धाकट्याच्या मागे शिस्त लागली. दुकानात पाण्याच्या दोन बाटल्या. जेवणापर्यंत एक, चहापर्यंत दुसरी. खारे दाणे बंद. जड काटे उचलायचे असतील तर आणणाऱ्यानंच टेबलावर ठेवायचे. कमरेला गोळीऐवजी गरम पाण्याची पिशवी. सकाळी बागेत चार फेऱ्या. दादा दोन फेऱ्या चालायचा आणि उरलेल्या दोन बाकावर बसून मोजायचा.

आणि एक नवीनच अडचण निघाली. घरच्या मशिनवर धाकट्याचा रक्तदाब चांगला यायचा. पण लॅबमध्ये पांढरा कोट दिसला की आकडा गच्चीवर जायचा.

"सवय नाही म्हणून," दादा म्हणाला. "सवय लावू."

मग रोज संध्याकाळी वहिनी दादाचा पांढरा शर्ट चढवून, गळ्यात उडीची दोरी अडकवून डॉक्टरीण व्हायच्या. त्या खुर्चीत ऐटीत बसायच्या आणि धाकट्याला दाराबाहेर उभं करायच्या.

"पुढचा पेशंट! काय हो भावजी, नाव काय?"

"भावजी."

"वय?"

"तुमच्याहून लहान."

"फाजीलपणा नको. जीभ दाखवा. आत घ्या. मोठा श्वास घ्या. धरून ठेवा." मग त्यांना गॅसवरच्या दुधाची आठवण व्हायची आणि त्या उठून जायच्या. परत येऊन बघतात तर धाकटा लालबुंद होऊन उभा. "अगं बाई, सोडा हो! खरंच धरलात?"

हसता हसता रक्तदाब मोजला जायचा. आठवडाभरात तो पांढऱ्या शर्टाला भिईनासा झाला. दादा मात्र म्हणायचा, "हिच्यापुढे घाबरला नाही म्हणजे आता कोणापुढे घाबरणार नाही. मी बेचाळीस वर्षं घाबरतोय."

एकदा बागेत चौथी फेरी संपवून धाकटा बाकावर येऊन टेकला. दादानं मोजणीचं चौथं बोट मिटलं.

"तुला अडवलं ना त्यांनी," तो म्हणाला, "तर ते माझ्यामुळे. पोरगी तिकडं वाट बघतेय, नात वाट बघतेय, आणि तू इथं बसशील, का, तर भावाला दिलंस म्हणून. परत करता आलं असतं तर आत्ता काढून दिलं असतं बघ."

"आमच्या दुकानाचा नियम आहे," धाकटा म्हणाला, "वापरलेला माल परत घेत नाही."

दादा हसला नाही.

"दादा, ऐक. ऑपरेशननंतर मी जागा झालो, तेव्हा सिस्टर म्हणाली, तुमच्या भावाला लघवी झाली. खूप झाली म्हणाली. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं ना, तेवढं मुलगी झाली तेव्हाच वाटलं होतं. लोकांना अशा दिवसासाठी काय काय करावं लागतं. मला नुसतं झोपून राहावं लागलं."

"नुसतं झोपून!" दादा म्हणाला आणि मग मात्र दोघंही इतके हसले की फिरायला आलेल्या बायका वळून बघायला लागल्या.

चार आठवड्यांनी परत रक्त दिलं. एक पॉइंट दोन. दादानं तो रिपोर्ट खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असा वाचून दाखवला.

तपासणीच्या दिवशी दादा इस्त्रीच्या शर्टात, हातात जाडजूड फाइल घेऊन धाकट्याच्या आधी तयार होता.

"तुला कोणी बोलावलंय?" धाकटा म्हणाला.

"पुरावा म्हणून येतोय."

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर होता. स्वच्छ, थंड, भिंतीवर एकही चित्र नाही. खुर्च्यांवर जोडपी बसली होती, कडेवर मुलं घेतलेल्या आया होत्या, एक तरुण इंजिनियर होता. सगळ्यांच्या हातात तोच सहा पानी फॉर्म, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर शाळेतल्या वार्षिक परीक्षेची कळा. आधी रक्त, मग छातीचा फोटो, मग डोळे. डोळ्यांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ धाकट्यानं न अडखळता वाचली, कारण बाळाच्या काट्यावरचे ग्रॅम वाचण्यात त्याची हयात गेली होती.

"आता काट्यावर उभे राहा," सिस्टर म्हणाली.

तो उभा राहिला. एकोणसत्तर किलो चारशे.

"सिस्टर," धाकटा म्हणाला, "काटा चुकतोय तुमचा."

सिस्टरनं मानही वर केली नाही. "सगळेच म्हणतात असं."

"मी सत्तर किलो सहाशे आहे. हा एक किलो दोनशे कमी दाखवतोय."

आता तिनं वर बघितलं. "लोक जास्त दाखवला म्हणून भांडतात काका. तुम्ही कमी दाखवला म्हणून भांडताय?"

"कमी काय, जास्त काय, खोटं ते खोटंच."

"धाकट्या," दादा दारातून दबक्या आवाजात म्हणाला, "इथं दुकान मांडू नकोस."

पण धाकटा गुडघ्यांवर बसलासुद्धा होता. काटा कोपऱ्यात इतका सरकवलेला होता की त्याचं एक अंग कपाटाच्या पायाला टेकलं होतं. उभ्या राहणाऱ्या माणसाचा थोडा भार ते कपाटच घेत होतं. त्यानं काटा वीतभर पुढे ओढला. कडेच्या छोट्या काचेत हवेचा बुडबुडा एका बाजूला पळालेला दिसला, तेव्हा मागचा एक पाय बोटांनी फिरवून फिरवून बुडबुडा मधोमध आणला. फडक्यानं वरची काच पुसली. मग चढून उभा राहिला. सत्तर किलो सहाशे.

"आता बघा," तो म्हणाला.

सिस्टरनं चपला काढल्या आणि सहज म्हणून स्वतः उभी राहिली. आकडा बघून तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! काका, आधीचाच बरा होता हो!"

बाहेरच्या खुर्च्यांवर हशा पिकला. आयांच्या कडेवरची मुलं कारण नसताना हसायला लागली. आधी वजन झालेला इंजिनियर उठून परत रांगेत आला. हसतच सिस्टरनं धाकट्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब मोजला. आकडा अगदी घरच्यासारखा आला.

डॉक्टर मधल्या वयाच्या बाई होत्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "यातले पेशंट कोण?"

दादा उभा राहिला. "तपासणी याची आहे, मॅडम. पण चौदाव्या प्रश्नाचं उत्तर मी आहे."

त्यांनी फॉर्म उलटून चौदावा प्रश्न शोधला. पट्टीनं मारलेल्या रेघेवर त्यांची नजर क्षणभर थांबली. दादानं फाइल उघडून पुढे सरकवली. ऑपरेशनचे कागद, धाकट्याचे दर वर्षीचे रिपोर्ट तारीखवार, आणि सगळ्यात वर गेल्या दोन महिन्यांचे दोन. "पहिल्यात एक पॉइंट पाच आहे," तो म्हणाला. "लपवलेला नाही. गोळ्या खात होता. बंद केल्या."

डॉक्टरबाईंनी सगळं सावकाश वाचलं. धाकट्याला झोपवून पोट तपासलं, वणावरून बोट फिरवलं. मग दादाला विचारलं, "बावीस वर्षं झाली? अजून नीट चालतंय?"

"घड्याळासारखं."

"आणि तुमचं?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

"माझंही, मॅडम. जोडीतलंच आहे ना ते."

बाई हसल्या. "निकाल मी देत नाही हं. मी फक्त लिहून पाठवते. तिकडचे लोक ठरवतात." मग पेन उचलत म्हणाल्या, "पण लिहिते मी नीट."

परतताना बसथांब्यावर दोघांखेरीज कोणी नव्हतं. दादा फाइल मांडीवर घेऊन बसला होता. भरदुपारचं ऊन पायांपर्यंत आलं होतं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "रागावणार नसशील तर."

"सांग."

"पहिला रिपोर्ट आला ना, एक पॉइंट पाचचा. तो वाचला आणि मी घाबरलो. खरंच घाबरलो. पण त्याच्या आधी, एवढासा, डोळ्याची पापणी लवेपर्यंत, मला बरं वाटलं. म्हटलं, आता हा जात नाही." त्यानं फाइलची दोरी बोटाला गुंडाळली. "ते मला त्या रात्रीपासून खातंय. मग वाटलं, आता याला पास केल्याशिवाय सोडायचं नाही."

"मलापण वाटलं," धाकटा म्हणाला.

"काय?"

"बरं. वाटलं, चला, सुटलो. नाहीतर तू मला 'नाही' लिहू दिलं नाहीस, तेव्हा मी एवढ्या लवकर गप्प बसलो असतो का?"

दादानं त्याच्याकडे वळून बघितलं. बस आली, तेव्हा दादानं त्याचा हात धरला आणि चढेपर्यंत सोडला नाही. पायरी उंच होती असं म्हणायलाही जागा होती.

निकाल पाच आठवड्यांनी आला. धाकटा बेकरीचा काटा उघडून बसला असताना फोन वाजला. पलीकडून मुलगी बोलायच्या ऐवजी किंचाळतच होती, आणि तिच्या मागे नात "पास! पास!" करून कशावर तरी उड्या मारत होती, त्याचा धपधप आवाज येत होता. धाकट्यानं फोन टेबलावर ठेवून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, बाहीचं ग्रीस गालाला लागलं, आणि तसाच तो जिना चढून वर गेला.

दादानं सगळं ऐकलं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून तो खाली उतरला आणि झेरॉक्सवाल्यापासून बेकरीपर्यंत प्रत्येक दारात थांबत गेला. "आमचा धाकटा पास झाला," तो सांगत होता. एका नवीन दुकानदारानं विचारलं, "कितवीत आहे?" दादा म्हणाला, "एका मूत्रपिंडावर पास झालाय हो, पहिल्या झटक्यात!" आणि त्या भांबावलेल्या माणसाचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. वहिनी गच्चीतून बघत होत्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या दादांना कोणीतरी घरी आणा. आठ वाजायच्या आत."

निघायच्या दिवशी गाडी सकाळी दहाला येणार होती. सामान नऊलाच खाली आलं. वहिनी तीनदा वर जाऊन काही राहिलं का ते बघून आल्या. दादा मात्र कुठं दिसेना.

धाकटा गल्लीत उतरला. त्याच्या दुकानाचं शटर वर होतं. त्यानं आदल्या दिवशी स्वतः कुलूप लावून किल्ली वहिनींकडे दिली होती. आत टेबल पुसलेलं होतं. पितळी वजनं लहान-मोठी क्रमानं लागली होती. टेबलाशी दादा इस्त्रीच्या शर्टात बसला होता आणि पुढे कोरी वही उघडी होती. दाराच्या चौकटीला पुठ्ठा टांगलेला होता आणि त्यावर रेकॉर्डखात्याच्या त्या सुबक अक्षरात दोन ओळी होत्या :

दुरुस्ती बंद आहे.
चौकशी सुरू राहील.

धाकट्यानं त्या दोनदा वाचल्या. "हे काय रे?"

"लोक येणार," दादा वहीतून मान न काढता म्हणाला. "चाळीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत. कुठं गेले, कसे आहेत, विचारणार. बंद शटर बघून परत जाऊ देऊ का त्यांना?"

"रोज बसणार तू?"

"दहा ते एक. घरी हिच्या पायात येतो तेवढाच कमी येईन. जा, गाडी येईल तुझी."

धाकटा गेला नाही. तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. बेकरीवाला काखेत काटा घेऊन येत होता. पुठ्ठ्यापाशी तो थांबला, वाचलं, आणि गोंधळून आत डोकावला.

दादानं चष्मा नीट केला आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बसा," तो म्हणाला. "मी त्यांचा थोरला भाऊ. बोला."